मध्यम सत्तेचे परराष्ट्र धोरण : बुलढाणा जिल्ह्याच्या साक्षीने हैदराबादचा विचार

प्रथम श्रेणीची नसलेली, परंतु शेजाऱ्यांना जिची उपेक्षा करता येत नाही, अशा राज्यसत्तेस ‘मध्यम सत्ता’ म्हणतात. अठराव्या शतकातील हैदराबादला ही आधुनिक संज्ञा सावधपणेच लावली पाहिजे. कारण निजाम नावाने तरी मोगल बादशहाचा सुभेदार होता. तथापि युद्ध, तह व वकिलाती हे व्यवहार तो स्वतंत्रपणे करीत असे. या धोरणाचा आरंभ व त्याची परिणती, या दोहोंच्या खुणा बुलढाणा जिल्ह्याच्या भूमीवर आढळतात.

१७२४ च्या ऑक्टोबरात साखरखेर्डे येथे निजामुल्मुल्काने हैदराबादचा सुभेदार मुबारीझखान याचा पराभव केला. या लढाईत मुबारीझखान मारला गेला आणि दख्खनची सत्ता निजामाच्या हाती आली. या प्रसंगी त्याला बाजीराव पेशव्याचे साहाय्य लाभले होते. परंतु चारच वर्षांनी पालखेड येथे त्याच बाजीरावाने त्याला कोंडीत धरले, आणि मुंगी-शेवगावच्या तहाने त्याला मराठ्यांचे चौथाई-सरदेशमुखीचे हक्क मान्य करावे लागले. १७५७ च्या डिसेंबरात सिंदखेडला निजामाच्या पक्षाच्या रामचंद्र जाधवांस मराठ्यांनी वेढले. त्यानंतर झालेल्या साखरखेर्ड्याच्या तहाने २५ लाखांचा मुलूख व नळदुर्ग पेशव्यांकडे गेला. वऱ्हाडात तर निजाम व नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल एकाच वेळी चाले. त्यास ‘दोअमली’ म्हणत.

या सर्व काळात हैदराबाद टिकले ते समतोलाच्या बळावर. मराठे, म्हैसूर, फ्रेंच व इंग्रज यांपैकी कोणा एकाचा भार असह्य झाला की दुसऱ्याकडे झुकावे, हे त्याचे सूत्र होते. १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईच्या वेळी इंग्रज तटस्थ राहिले आणि मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. त्या भीतीतून १७९८ मध्ये निजामाने तैनाती फौजेचा तह केला, फ्रेंच अधिकाऱ्यांच्या पलटणी मोडल्या व सालीना सुमारे २४ लाख रुपये देण्याचे पत्करले. १८०० च्या तहाने, कंपनीस विचारल्यावाचून इतर सत्तांशी बोलणे करण्याचा अधिकारही गेला.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. १७९९ मध्ये टिपूचा व १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला, त्या मोहिमांत निजाम इंग्रजांच्या बाजूस होता. देवगावच्या तहाने भोसल्यांनी सोडलेला वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड त्याच्या पदरी पडला. दिसावयास हा लाभच होता. पण ज्या प्रतिस्पर्ध्यांच्या अस्तित्वामुळे समतोल साधता येत होता, तेच नाहीसे होत होते. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर झुकण्यास दुसरी बाजूच उरली नाही.

पुढील कथा खजिन्याची आहे. १८०० च्या तहान्वये युद्धप्रसंगी पुरवावयाच्या सैन्यातून इंग्रज अधिकाऱ्यांची कायमची ‘हैदराबाद कंटिंजंट’ निर्माण झाली. शांततेच्या काळातही तिचा खर्च वर्षास सुमारे ४० लाखांपर्यंत जाई. ती थकबाकी वाढत गेली. आणि २१ मे १८५३ च्या तहाने डलहौसीने वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिवकडील जिल्हे ताब्यात घेतले. १८६० मध्ये बाकीचे जिल्हे परत मिळाले. वऱ्हाड मात्र परतला नाही. १९०२ मध्ये तो वार्षिक २५ लाखांच्या खंडाने कायमचा इंग्रजांकडे गेला. मीर उस्मान अलीखानाने १९२३ मध्ये तो परत मागितला, तेव्हा १९२६ मध्ये लॉर्ड रेडिंगने स्पष्ट कळविले की, ब्रिटिश सार्वभौमत्व सर्वश्रेष्ठ असून निजामास बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करता येणार नाही.

साखरखेर्ड्यास रणांगणावर मिळविलेली स्वतंत्रता, त्याच परिसराचा महसूल परक्या फौजेपायी गहाण पडून संपली. यावरून मध्यम सत्तेच्या धोरणाची दोन पथ्ये दिसतात. समतोलासाठी एकाहून अधिक शेजारी समर्थ असणे आवश्यक असते. म्हणून प्रतिस्पर्ध्याचा समूळ नाश हा नेहमीच आपला विजय नसतो. तसेच ज्या सैन्याचा खर्च आपला पण आज्ञा दुसऱ्याची, ते सैन्य संरक्षण न राहता कर्ज होते. तहाची कलमे वाचताना अभ्यासकाने खजिन्याचा हिशेब शेजारी ठेवावा तो याचसाठी.