कानाने शिकण्याचे विषय : वैद्यकीय प्रवेशापूर्वीची श्राव्य व्याख्याने (लेखांक ६)

नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल आणि वर्गाचा पहिला दिवस यांच्यामध्ये प्रवेशफेऱ्यांचे जे आठवडे जातात, त्यांत अनेक विद्यार्थी श्राव्य व्याख्याने, म्हणजे निव्वळ ऐकून समजावीत अशी ध्वनिमुद्रित व्याख्याने, शोधू लागतात. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले व मराठवाडाभर ते ‘घाटी’ या नावानेच ओळखले जाते. तेथे येणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला नीट मराठीतून देता येत असली, तरी वर्गातले अध्यापन इंग्रजीतून होते, आणि सुरुवातीला त्याचे सर्वाधिक अडते ते कधीच कानावर न पडलेल्या शब्दांपाशी. निजामाच्या राजवटीत येथील मुलांपुढचा प्रश्न वेगळा होता, कारण १९१८ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकशास्त्रही उर्दूतून शिकवले जाई; म्हणजे मराठी मुलाला वैद्यकासाठी परक्या भाषेशी कान जुळवावा लागणे ही या प्रदेशात जुनीच गोष्ट आहे.

प्रथम वर्षाचे तीन मुख्य विषय, शरीररचनाशास्त्र (अवयवांची रचना व स्थान), शरीरक्रियाशास्त्र (अवयवांचे कार्य) आणि जीवरसायनशास्त्र (पेशींतील रासायनिक घडामोडी), हे ऐकण्यास सारखेच सोयीचे नाहीत. शरीरक्रियाशास्त्र कार्यकारणाच्या साखळीने पुढे सरकते: हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलीटर रक्त बाहेर टाकते, मिनिटाला ७० च्या आसपास ठोके पडतात, म्हणून मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त शरीरात फिरते; हृदयाकडे परतणारे रक्त वाढले की त्याचे स्नायू अधिक ताणले जातात आणि पुढचे आकुंचन अधिक जोरकस होते. एवढे विवेचन आकृतीवाचूनही मनात उभे राहते. याउलट ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या चेतातंतूंचे जाळे, कितीही वेळा ऐकले तरी त्याची पाच मुळे कोठे एकत्र येतात व कोठे फुटतात हे चित्रावाचून उमगत नाही. जीवरसायनशास्त्राची तत्त्वे ऐकता येतात, अभिक्रियांच्या मालिका मात्र लिहूनच पक्क्या होतात. म्हणून ऐकण्याची सुरुवात शरीरक्रियाशास्त्रापासून करावी.

भारतात आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी चालविलेल्या एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचावर आयआयटी कानपूरचा प्राण्यांच्या शरीरक्रियांवरील अभ्यासक्रम विनामूल्य मिळतो. तो वैद्यकीय अभ्यासक्रमासाठी आखलेला नसला, तरी भारतीय उच्चारातील इंग्रजीमुळे नवख्या श्रोत्याला जवळचा वाटतो. शरीररचनेसाठी कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या मेरियन डायमंड यांची व्याख्याने जगभर पाहिली गेली. त्यांचे अध्यापन इतके प्रसन्न आहे की रूक्ष समजल्या जाणाऱ्या विषयाची भीती त्याने निश्चितच कमी होते, मात्र ती पाहावयाची आहेत, केवळ ऐकावयाची नव्हेत. अशा संग्रहांच्या टिकाऊपणाविषयी सावध राहणेही आवश्यक आहे. कर्णबधिरांना उपयोगी पडतील अशी अचूक उपशीर्षके नसल्याची तक्रार झाल्यानंतर अमेरिकी न्याय विभागाने २०१६ मध्ये आक्षेप घेतला आणि २०१७ मध्ये बर्कलेने आपली वीस हजारांहून अधिक ध्वनिचित्रमुद्रणे सार्वजनिक वापरातून काढून घेतली. तक्रार रास्त होती, तरीही दूरच्या शहरांतील असंख्य विद्यार्थ्यांचे त्यात नुकसान झाले, हे नमूद केले पाहिजे.

वरिष्ठ विद्यार्थ्यांकडून हाती येणारी, अमेरिकी परवाना परीक्षांसाठीची पॅथॉलॉजीची, म्हणजे रोगनिदानाच्या पायाभूत शास्त्राची, ध्वनिमुद्रणे मात्र या टप्प्यावर बाजूला ठेवावीत. तो विषय आपल्याकडे दुसऱ्या वर्षी येतो, निरोगी शरीराचे कार्य ठाऊक नसताना त्यातील बिघाड समजत नाही, आणि त्यांतील पुष्कळशी ध्वनिमुद्रणे परवानगीवाचून फिरत असतात.

ऐकण्याची रीतही ठरवून घ्यावी. एक व्याख्यान प्रथम न थांबता ऐकावे आणि दुसऱ्यांदा ऐकताना अनोळखी संज्ञा कानाला जशी लागेल तशी एका वहीत देवनागरीत लिहून, नंतर पुस्तकात तिचे वर्णलेखन शोधावे. दिवसाला एक व्याख्यान पुरे. महाविद्यालय सुरू होताच फाउंडेशन कोर्स, म्हणजे नवागतांसाठीचा परिचयवर्ग, होतो आणि त्यात भाषेच्या तयारीलाही स्थान असते. ही वही तेथे सोबत न्यावी. पुढील लेखांकात प्रथम वर्षाच्या पाठ्यपुस्तकांच्या निवडीचा विचार केला जाईल.