विलंबशुल्क की सावकारी?

भोर तालुक्यातील भोंगवलीसारख्या गावातून पुण्यास शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्याचे शुल्क पुष्कळदा हप्त्यांनी भरले जाते. शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो माल विकल्यावर. महाविद्यालयाचे वेळापत्रक मात्र सुगीची वाट पाहत नाही. हप्ता चुकला की दंड सुरू. संस्थेलाही खर्च असतात. तेव्हा माफक विलंबशुल्कास कोणी हरकत घेणार नाही. वाद आहे तो प्रमाणाचा.

समजा, ८,००० रुपये थकले आणि दंड रोज ५० रुपये. ६० दिवसांत तो ३,००० रुपये होतो. म्हणजे वार्षिक दर सव्वादोनशे टक्के! तीच रक्कम १२ टक्के व्याजाने कर्जाऊ घेतली, तर व्याज सुमारे १५८ रुपये पडेल. मग उरलेले २,८४२ रुपये कोणत्या हानीची भरपाई म्हणावयाचे?

पुणे जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. १८७५ साली सुपे येथे शेतकरी सावकारांच्या कर्जरोख्यांवर तुटून पडले. त्यानंतर १८७९ च्या कायद्याने, रोख्यावरील आकडा प्रमाण न मानता व्यवहाराचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करू नये, हा दामदुपटीचा दंडक तर त्याहून जुना. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलमही करारातील दंडाची रक्कम सरसकट मान्य करीत नाही. वाजवी भरपाईच देते. २०२३ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले, की दंड वाजवी असावा आणि त्यावर पुन्हा व्याज लावू नये. नफ्यासाठी चालणाऱ्या बँकेस जी मर्यादा, ती विद्यादान करणाऱ्या संस्थेस जाचक का वाटावी?

शिष्यवृत्तीची रक्कम शासनाकडूनच उशिरा आली, तर तिचा दंड विद्यार्थ्याच्या माथी मारणे हा उघड अन्याय होय.

विद्यार्थ्यांनी दंड मुकाट्याने भरू नये. मुद्दल, दर आणि दिवस यांचा लेखी हिशेब मागावा. कोणत्या नियमान्वये आकारणी झाली, ते विचारावे. दाद न मिळाल्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार असलेल्या तक्रार निवारण समितीकडे व पुढे लोकपालाकडे जावे. संस्थांनीही विलंबशुल्क सरळव्याजाने आकारावे आणि त्याची कमाल मर्यादा प्रवेशाच्या वेळीच जाहीर करावी. अर्थशास्त्राच्या वर्गात चक्रवाढीचे दुष्परिणाम शिकवावयाचे आणि कार्यालयाच्या खिडकीवर तेच वसूल करावयाचे, ही विसंगती शिक्षणसंस्थेस शोभत नाही.