आकाशातून घराची मोजणी

बुऱ्हाणपूरहून इच्छापूरकडे निघाले की रस्त्याच्या दुतर्फा केळीच्या बागा लागतात. त्या शिवारातील एखाद्या शेतकऱ्यास शेताचा खसरा क्रमांक विचारावा, तो तत्काळ सांगेल. परंतु ज्या घरात त्याचा जन्म झाला, त्या घराच्या जागेचा कागद मागितला, तर कालपरवापर्यंत तो बहुधा निरुत्तर होत असे. शेताला कागद आहे आणि घराला नाही, ही स्थिती देशातील असंख्य खेड्यांची होती. ती पालटण्याचे काम आता वैमानिकावाचून उडणाऱ्या एका लहानशा यंत्राकडे, म्हणजे ड्रोनकडे, आले आहे.

या विसंगतीचे मूळ जुने आहे. इंग्रजी अमदानीत जमिनीची मोजणी झाली ती मुख्यतः सारा ठरविण्यासाठी. शेतावर सारा होता, म्हणून शेते मोजली गेली; गावठाणावर तो नव्हता, म्हणून सबंध वस्तीभोवती एक रेघ ओढून मोजणीदार पुढे गेले. आतील घरे, गोठे, परसू आणि बोळ यांची हद्द लोकांच्या आठवणीत राहिली. आठवण राखणारी पिढी गेली की तंटे उभे राहतात. आणि कागदाअभावी घर तारण ठेवून कर्ज काढणेही कठीण होते.

आकाशातून भूमी टिपण्याची कल्पना विमानाहूनही जुनी आहे. नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ साली पॅरिसजवळ बलूनमधून छायाचित्र घेतले. राइट बंधूंचे विमान १७ डिसेंबर १९०३ रोजी प्रथम उडाले, ते अवघी बारा सेकंदे आणि १२० फूट. त्यानंतर पंधरा वर्षे लोटण्यापूर्वीच, पहिल्या महायुद्धात, विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून शत्रूच्या खंदकांचे नकाशे होऊ लागले. आपल्याकडे त्याच्या शतकभर आधी, १८०२ पासून, विल्यम लॅम्टन अवजड थिओडोलाइट घेऊन मद्रासपासून भूमी मोजीत आला होता. १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. त्याच्या कामाचा वारसा सांगणारा भारतीय सर्वेक्षण विभागच आज ड्रोनच्या साहाय्याने गावठाणे मोजीत आहे.

महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी हा प्रयोग आधी करून पाहण्यात आला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारची ‘स्वामित्व’ योजना सुरू झाली. ११ ऑक्टोबर २०२० रोजी ज्या ७६३ गावांतील लोकांसाठी मिळकतीचे कागद प्रथम काढण्यात आले, त्यांत महाराष्ट्रातील १०० आणि मध्य प्रदेशातील ४४ गावे होती. या कागदास महाराष्ट्रात मिळकत पत्रिका म्हणतात, मध्य प्रदेशात अधिकार अभिलेख.

मोजणी होते ती अशी. नांगर धरलेला शेतकरी जसा तासाशेजारी तास काढतो, तसा ड्रोन वस्तीवरून ये-जा करीत छायाचित्रे घेतो. प्रत्येक चित्राचा बराचसा भाग पुढच्या चित्रात पुन्हा येतो. त्यामुळे घराचा एकच कोपरा अनेक ठिकाणांहून पाहिला जातो, आणि दोन डोळ्यांमुळे जसे अंतर उमगते, तसे गणिताने त्या कोपऱ्याचे स्थान व उंची निश्चित करता येते. उपग्रहांचे संकेत अहोरात्र टिपणाऱ्या स्थिर केंद्रांच्या आधारे ते स्थान प्रत्यक्ष जमिनीशी जुळविले जाते. तयार होणाऱ्या नकाशावरील एक सेंटीमीटर म्हणजे भूमीवरील पाच मीटर.

एवढे सूक्ष्म पाहणाऱ्या यंत्रालाही एक मर्यादा आहे. त्याला छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. वळचण भिंतीच्या बाहेर हात-दोन हात आलेली असते आणि पागोळ्यांचे पाणी कोणाच्या अंगणात पडावे, यावरूनच तर खेड्यात पिढीजात भांडणे चालतात. अंगणातील कडुनिंबाखाली काय आहे, हेही वरून कळत नाही. म्हणून उड्डाणापूर्वी शेजारी-शेजाऱ्यांनी एकत्र उभे राहून आपापल्या हद्दीवर चुन्याची फक्की मारावयाची असते. ती पांढरी रेघ ड्रोन टिपतो. म्हणजे सीमा ठरवितात माणसे. यंत्र केवळ तिची नोंद करते.

याहून नाजूक प्रश्न एका छपराखालील दोन चुलींचा. भावाभावांची वाटणी झालेली असते, परंतु आकाशातून घर एकच दिसते. विधवा भावजयीचा हिस्सा, लेकीचा वाटा, मजुरीसाठी सुरतेस गेलेल्या धाकट्याची खोली, यांतले काहीही छायाचित्रात उमटत नाही. नकाशा झाल्यावर तो गावात दाखवून हरकती मागविल्या जातात, ती वेळ म्हणूनच महत्त्वाची. जो त्या दिवशी गावी नसतो, किंवा चारचौघांत बोलण्याची जिला सवय नसते, तिचे वा त्याचे नाव गळण्याची भीती असते. आणि एकदा कागद झाला की तो आठवणीपेक्षा बलवत्तर ठरतो. तेव्हा गैरहजर भावाला निरोप धाडणे आणि घरातील स्त्रियांची नावे वेळीच सांगणे, हे काम कोणत्याही यंत्राचे नव्हे.

शेजाऱ्याचा बांध कोरणे हे आपल्या खेड्यांत नेहमीच निंद्य मानले गेले. बायबलच्या जुन्या करारातही शेजाऱ्याची सीमाखूण सरकविणाऱ्यास शापित म्हटले आहे. ड्रोनमुळे गावाला आपल्या घरांचा अचूक नकाशा मिळतो, ही मोठीच गोष्ट होय. मात्र तो न्याय्य असावयाचा, तर चुन्याची रेघ ओढणारा हात आधी सरळ असला पाहिजे.