कार्गो : रस्ट प्रकल्पाची बांधणी

पनवेलजवळ हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत २०२० मध्ये योट्टा कंपनीचं एनएम१ हे डेटा सेंटर सुरू झालं. अशा ठिकाणच्या सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम लिहिला जातो मात्र दुसरीकडे, कदाचित नवीन पनवेलमधल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर. दोन्हीकडे तो सारखाच बांधला जावा, ही रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत कार्गो या साधनाची जबाबदारी.

‘कार्गो न्यू’ ही आज्ञा प्रकल्पाचा फोल्डर तयार करते. त्यातल्या ‘कार्गो.टॉमल’ फाइलमध्ये नाव, आवृत्ती, एडिशन (२०१५, २०१८, २०२१ किंवा २०२४) आणि बाहेरून घ्यायचे क्रेट (म्हणजे तयार कोडचे संच) नोंदवायचे. इथला एक बारकावा नीट समजून घ्यायला हवा. क्रेटपुढे ‘१.२’ लिहिलं तर कार्गो त्याची १.२ पासून २.० च्या अलीकडची कोणतीही आवृत्ती घेऊ शकतो, ‘०.३’ लिहिलं तर मात्र ०.४ च्या अलीकडेच थांबतो. प्रत्यक्षात निवडलेली नेमकी आवृत्ती आणि तिचा चेकसम ‘कार्गो.लॉक’मध्ये जातो. प्रोग्रॅम सर्व्हरवर जाणार असेल तर ही फाइल गिटमध्ये ठेवाच आणि तिथल्या बांधणीला ‘लॉक्ड’ हा पर्याय द्या. लॉक फाइल बदलावी लागत असेल, तर बांधणी तिथेच थांबते.

साधं ‘कार्गो बिल्ड’ लवकर उरकतं, कारण ते ऑप्टिमायझेशनच्या वाटेला जात नाही. प्रोग्रॅमचा वेग मोजायचा तर ‘रिलीज’ बांधणी हवीच. नेट बेभरवशाचं असेल, तर कॉलेजच्या वाय-फायवर ‘कार्गो फेच’ करून ठेवावं. मग घरी ‘ऑफलाइन’ पर्यायानेही काम होतं.