सुई दिसते, बादली दिसत नाही

काचबिंदू दुखत नाही, हा त्याचा सगळ्यात वाईट गुण. मोतीबिंदूत सगळं धुरकट होत जातं, माणूस कुरकुरायला लागतो, घरचे दवाखान्यात नेतात, शस्त्रक्रिया होते आणि पुन्हा दिसायला लागतं. काचबिंदूत दृष्टीची नस हळूहळू मरत जाते, बहुतेक वेळा डोळ्याच्या आतला दाब वाढल्यामुळे, आणि नजर कडांकडून कुरतडली जाते. समोरचं मात्र लख्ख दिसत राहतं. गेलेल्या जागी काळा डागसुद्धा येत नाही, कारण तिथलं चित्र मेंदू आजूबाजूवरून आपलं आपणच भरून घेतो. महाद्वार रोडवर डावीकडून येणारी स्कूटर मला दिसत नव्हती, आणि दिसत नाही हेही कळत नव्हतं. ती एकदम अंगावर उगवायची.

मी कोल्हापुरात एका शाळेत मराठी शिकवायची. पन्नाशीच्या आसपास चष्म्याचा नंबर बदलायला गेले, तर डॉक्टरांनी दाब मोजला, पुन्हा मोजला आणि मला एका पांढऱ्या घुमटाच्या यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आजूबाजूला कुठं बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मला वाटलं यंत्र बिघडलंय, बराच वेळ दिवा लागतच नव्हता. नंतर छापून आलेल्या कागदावर कडेचे भाग काळे होते. जे गेलं ते परत येत नाही, थेंब घालायचे ते उरलेलं राखायला, असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतरची काही वर्षं सगळ्यात अवघड. कारण घराला डोळस माणूस समजतो आणि आंधळा माणूसही समजतो. अर्धवट दिसणारं माणूस समजत नाही. मी वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं वाचायची, सुईत दोरा ओवायची, आणि मोरीच्या दारातली बादली धाडकन लाथाडायची. जाऊबाई एकदा स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "सुई दिसती, आणि बादली दिसत न्हाई व्हय?" त्यांचंही चुकलं म्हणता येणार नाही. बोगद्यासारखी नजर म्हणजे काय, हे बघितल्याशिवाय कळत नाही. मग मुलानं युक्ती केली. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या दोन बारीक नळ्या केल्या आणि घरातल्या प्रत्येकाला त्या डोळ्यांना लावून हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत चालायला लावलं. जाऊबाई टीपॉयवर आदळल्या. त्या दिवसापासून मोरीतली बादली भिंतीला लागून असते.

कायद्यानं मात्र हे फार आधी ओळखलंय. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात, मुळीच न दिसण्याखेरीज, अंधत्व ठरवायला आणखी दोन वाटा आहेत. चांगल्या डोळ्याची नजर चष्मा लावूनही ३/६० पेक्षा कमी असणं ही एक. दिसण्याचा पसारा १० अंशांपेक्षा कमी उरणं ही दुसरी. म्हणजे फळ्यावरची शेवटची ओळ वाचणारा माणूसही कायद्यानं अंध असू शकतो. पसारा १० ते ४० अंशांत असेल तर तो अल्पदृष्टी. प्रमाणपत्रासाठी सरकारी दवाखान्यात जाताना या पसाऱ्याच्या तपासणीचा कागद जवळ ठेवा, नाही तर भिंतीवरची अक्षरं वाचून दाखवलीत की तुम्ही ठणठणीत ठरता.

याच कायद्याच्या २०व्या कलमानं माझी नोकरी वाचवली. शाळेत एकानं काळजीच्या सुरात सुचवलं होतं, "मॅडम, आता राजीनामा देऊन आराम करा की." सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, हुद्दाही खाली आणता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचं दुसरं काम द्यायचं, तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद करून द्यायचं. मी कलमाची झेरॉक्स टेबलावर ठेवली. विषय तिथं संपला. राजीनामा लिहून दिलेल्या माणसाला मात्र हे कलम फारसं उपयोगी पडत नाही, म्हणून नजर जाते आहे असं कळल्यावर पहिल्या महिन्यात कशावरही सही करू नये.

नातेवाईक धीर द्यायला येतात तेव्हा दोन गोष्टी हमखास बोलतात. पहिली, "आम्ही कुणाचे तरी डोळे मिळवून देऊ." नेत्रदानात बसवतात ते फक्त डोळ्याचं पुढचं पारदर्शक बुबुळपटल. काचबिंदूत नस गेलेली असते, मधुमेहात मागचा पडदा खराब होतो. तिथं नवं बुबुळ बसवून उपयोग नाही. दुसरी गोष्ट म्हणजे उदाहरणं. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची नजर लहानपणीच गेली, तरी त्या आयएएस झाल्या आणि २०१९मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण मला कलेक्टर व्हायचं नव्हतं, मला उन्हाळ्यातली चटणी करायची होती.

कोल्हापुरात कांदा-लसूण चटणी करणारीचा मान काय असतो, हे इथल्यांना सांगायला नको. सून प्रेमानं म्हणाली, "आई, तुम्ही बसा, मी करते." तीनेक दिवस मी बसले आणि तेवढ्यात म्हातारी झाले. मग सुनेलाच म्हटलं, तू शेजारी उभी राहा, पण झारा माझ्या हातात दे. धणे वासावर उतरवायचे. तीळ तडतडून सांगतात. खोबऱ्याला आवाज नाही, पण करपायच्या जरा आधी त्याचा गोड वास बदलतो. कांदा तेलात पडल्यावर जो गजबजाट करतो, तो पाणी आटत आलं की ओसरतो. तो ओसरला की कांदा काढायचा. मिरचीचा रंग तेवढा सून बघते, कारण ब्याडगीला रंग आणि संकेश्वरीला झणझणीतपणा हे माप डोळ्यांचं आहे. पुण्याहून एक नणंद फोन करून म्हणाली, यंदा चटणी जास्त चांगली झाली. मी तिला काही सांगितलं नाही.

घरात बाकी जे बदल केले त्यांना फारसा पैसा लागला नाही. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी रंगवली. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही, स्टीलच्या वाटीत पांढरा रस्सा तर अदृश्यच होतो, म्हणून मला गडद निळी ताटवाटी आणली. तांबड्या रश्श्याला असली काही अडचण नाही. दार पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद, अर्धं नाही. "तिकडं ठेवलंय" हे वाक्य बंद केलं, "तुझ्या उजव्या हाताला, फळीच्या टोकाला" असं सांगायचं. खोलीतून जाताना "मी जातोय" म्हणायचं, नाही तर मी रिकाम्या खुर्चीशी बोलत बसते. आणि रस्त्यावर माझा दंड धरून मला पुढं ढकलायचं नाही. मी तुमचा कोपर धरते, तुम्ही अर्धं पाऊल पुढं चाला, तुमच्या अंगाच्या हालचालीवरून मला पायरी कळते.

पांढऱ्या काठीवरून आमच्यात भांडण झालं. ह्यांचं म्हणणं, "काठी घेतलीस की सगळ्या पेठेला कळंल." कळावं म्हणून तर घ्यायची. ती आधाराची काठी नव्हे. लांब, हलकी, उभी धरली तर साधारण छातीच्या मध्यापर्यंत येणारी. पाऊल डावं पडतं तेव्हा टोक उजवीकडं टेकायचं, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच चाचपली जाते. दुसऱ्या महायुद्धात नजर गेलेल्या अमेरिकी सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी ही पद्धत बसवली. काठी हातात आल्यापासून बिंदू चौकात रिक्षावाले थांबतात, एरवी ते कुणासाठी थांबत नाहीत. पैशांचं कोडं खरं तर लांबीवर सुटायला हवं: नव्या शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांची रुंदी सारखीच, पण लांबी १४२, १४६ आणि १५० मिलिमीटर. चार मिलिमीटर बोटांना गर्दीत कळत नाहीत, म्हणून मी घरीच नोटा वेगवेगळ्या घड्या घालून ठेवते. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं मोफत अ‍ॅप २०२० पासून आहे, कॅमेरा धरला की नोट ओळखून बोलतं. फोनचा टॉकबॅक पडद्यावरचं मराठीत वाचून दाखवतो. उतारवयात ब्रेल शिकणं जड जातं, पण ज्यांना येतं त्यांच्यासाठी स्वागत थोरात यांनी २००८मध्ये 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक काढलं.

आता एक गोष्ट, जी दवाखान्यात फारसं कुणी सांगत नाही. माझ्या आईची नजर गेली तेव्हा ती गावी होती. संध्याकाळी ती म्हणायची, "भिंतीकडंला बायका बसल्यात गं, नटूनथटून. बोलत न्हाईत." भावकीत कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं डोकं फिरलं. अंगारा झाला, लिंबू झालं. आईचं डोकं जागेवर होतं. त्या बायका खऱ्या नाहीत हे तिला कळत होतं, म्हणूनच ती घाबरून गप्प राहायला लागली. जिनिव्हाच्या शार्ल बॉने यांनी १७६०मध्ये आपल्या आजोबांबद्दल नेमकं हेच लिहून ठेवलंय: नजर अधू, बुद्धी शाबूत, आणि समोर माणसं, पक्षी, इमारती. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की मेंदूचा बघणारा भाग स्वतःच चित्रं काढतो. त्यांना आवाज नसतो. दिवा लावला, डोळे भराभर इकडंतिकडं फिरवले तर ती बऱ्याचदा जातात. डॉक्टरांना सांगावं, पण देवऋषीची गरज नाही.

आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांचीही एक गोष्ट आहे. 'दो आँखें बारह हाथ'च्या वेळी बैलाशी झुंजताना त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि डोळ्यांवर पट्टी आली. नंतरच्या 'नवरंग'च्या सुरुवातीला ते स्वतः पडद्यावर येऊन सांगतात, की त्या अंधारात आपल्याला रंग दिसले. त्यांची नजर परत आली, त्यामुळे ही गोष्ट आईच्या बायकांशी जोडायला मी धजत नाही. पण त्यांच्या रंगांना कुणी बाहेरचं म्हटलं नाही, एवढं खरं.

काचबिंदू घराण्यात चालतो. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला असेल तर चाळिशीनंतर, काही त्रास नसला तरी, डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्यायची. आणि डोळे लाल झाले म्हणून मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब आणून महिनोन्महिने घालायचे नाहीत, त्यांनीही दाब वाढतो. माझा धाकटा भाऊ पंचावन्नचा आहे, गूळ मार्केटला असतो. "मला लांबचं स्पष्ट दिसतंय की," म्हणून तो दर वेळी टाळतो. रविवारी तो जेवायला येणार आहे. हा लेख फोनवर मोठ्या आवाजात लावून ठेवणार आहे, आणि सोमवारची अकराची वेळ मी त्याच्या नावानं घेऊन ठेवली आहे.