टाचण्यांचा पडदा

उभ्या पांढऱ्या पडद्याला दाटीवाटीने बारीक भोकं पाडलेली आणि प्रत्येक भोकात पुढे-मागे सरकणारी एक टाचणी. उजेड बाजूने, तिरपा. टाचणी पूर्ण बाहेर असली की तिची लांब सावली शेजारच्या सावल्यांत मिसळते आणि तेवढा भाग काळा दिसतो. ती आत ढकलत गेलं की सावली आखडते, काळ्याचं करडं होतं. टोक पृष्ठभागाला टेकलं की पांढरं. शाई नाही, रंग नाही. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने १९७२ साली घेतलेल्या अशा पडद्यात २,४०,००० टाचण्या आहेत.

ॲनिमेशन लघुपटाला कल्पना कुठून सुचते, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला हे यंत्र दाखवावंसं वाटतं. आधी गोष्ट सुचते, मग ती चित्रांत उतरवायची, अशी आपली समजूत असते. इथे बऱ्याचदा चित्रंच गोष्ट सुचवतात.

पॅरिसमध्ये स्थायिक झालेला अलेक्झांडर अलेक्सेयेफ मूळचा रशियातल्या कझानचा. धातूच्या पत्र्यावर कोरून तो पुस्तकांसाठी चित्रं करायचा. त्या चित्रांतलं धुकं, संधिप्रकाश, कडा विरघळलेल्या आकृत्या त्याला हलताना बघायच्या होत्या. कारखान्यासारख्या स्टुडिओत माणसांच्या फौजेकडून काढलेली, ठसठशीत रेघेची कार्टून्स त्याला नको होती. चित्रकला शिकायला पॅरिसला आलेली अमेरिकन तरुणी क्लेअर पार्कर त्याच्या सोबतीला आली आणि दोघांनी मिळून हा पडदा घडवला. १९३५ चं पेटंट पार्करच्या नावावर आहे. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण श्रेयाच्या वेळी तिचं नाव नेहमी मागे पडत आलं आहे.

त्यांचा पहिला लघुपट १९३३ चा, ‘नाईट ऑन बाल्ड माउंटन’. त्याचं बीज संगीतकार मुसोर्गस्कीच्या संगीतात होतं. जेमतेम आठ मिनिटांच्या फिल्मला दीड वर्ष लागलं. जाणकारांनी वाहवा केली, पण चित्रपटगृहं मिळाली नाहीत. पोटासाठी दोघं जाहिरातपटांकडे वळले.

काम करताना तो पुढून टाचण्या आत ढकलायचा, ती मागून बाहेर काढायची. मागच्या बाजूने चित्र डावं-उजवं उलटं आणि काळ्याचं पांढरं झालेलं दिसतं. तरी तिला पुढचं चित्र डोळ्यांसमोर ठेवून हात चालवावा लागे. हत्यारं म्हणाल तर रूळ, काटे-चमचे, अगदी विजेचा बल्बसुद्धा. ज्या वस्तूचा दाब टाचण्यांवर उमटेल ती वस्तू चालते.

एक चौकट टिपायची, मग तेच चित्र थोडं बदलून पुढची. आधीचं चित्र त्याच क्षणी संपलेलं असतं. सेलवरच्या, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवरच्या, चित्रांसारखं ते काढून ठेवता येत नाही, चुकलं म्हणून परत लावता येत नाही. म्हणूनच या पडद्याला रूपांतरं मानवतात. ढगाचा चेहरा होतो, चेहऱ्याचा डोंगर. टणक कडांची, संवादांवर चालणारी कथा घेऊन इथे आलेला माणूस अडतो. आकार एकमेकांत विरघळू द्यायची तयारी असली, तर पुढचं दृश्य मागच्यातून निघत जातं.

फिल्म बोर्डात हे सगळ्यात मनापासून ओळखलं ते जॅक द्रुअँनी. १९७६ सालच्या त्यांच्या ‘माइंडस्केप’मध्ये एक चित्रकार उघड्यावर चित्र काढत उभा आहे. काढता काढता तो चित्राच्या चौकटीतून आत पाऊल टाकतो आणि त्या प्रदेशात फिरू लागतो. वस्तू रूप बदलत त्याच्यासमोर येत राहतात. सात-साडेसात मिनिटं, एकही शब्द नाही. कथानक म्हणून सांगायला गेलं तर एका ओळीत संपतं. पण माणूस चित्रात शिरला की त्याचं काय होतं, याचं उत्तर याच पडद्यावर इतकं सहज मिळू शकतं, कारण इथे माणूस आणि भूभाग एकाच टाचण्यांचे बनलेले असतात. मला ही फिल्म त्या यंत्राच्या अंगातूनच उगवलेली वाटते.

द्रुअँनंतर पडदा मिशेल लेम्यू यांच्याकडे आला. त्या मुलांच्या पुस्तकांच्या नावाजलेल्या चित्रकार, म्हणजे अलेक्सेयेफसारख्याच पुस्तकाच्या पानावरून आलेल्या. २०१२ साली त्यांनी याच टाचण्यांवर विश्व, काळ आणि त्यात उभा असलेला एकटा माणूस असा विषय हाताळला.