बीजगणिताचा दरवाजा

आपल्याकडे सातवी-आठवीतल्या प्रत्येक मुलाला 'क्ष'ची किंमत काढावीच लागते. मग तो विषय आवडो वा न आवडो. अमेरिकेत मात्र आठवीत बीजगणित सर्वांना मिळतेच असे नाही. अनेक शाळा ते निवडक मुलांनाच शिकवतात. फरक वरवर एकाच वर्षाचा. पण आठवीत बीजगणित सुरू झाले, तरच नेहमीच्या क्रमाने बारावीत कलनशास्त्र गाठता येते. विज्ञान-अभियांत्रिकीची वाट तिथूनच जाते. म्हणजे तेराव्या वर्षीच मुलाची वाट ठरते!

हा अन्याय ओळखला रॉबर्ट मोझेस यांनी. १९६१ पासून ते मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणी व्हावी यासाठी झटत होते. तेथे नाव नोंदवायला आलेल्याला राज्यघटनेतील कलमाचा अर्थ सांगावा लागे आणि तो बरोबर की चूक हे गोरा अधिकारी ठरवी. ज्यांना धड शाळा दिली नाही, त्यांनाच अशिक्षित म्हणून मत नाकारायचे! पुढे १९८२ मध्ये मुलीच्या शाळेत आठवीला बीजगणित नाही हे पाहून मोझेस स्वतःच वर्गात शिकवू लागले. त्यातूनच 'अल्जेब्रा प्रोजेक्ट' उभा राहिला. संगणकाच्या युगात गणित हाही नागरी हक्कच आहे, असे ते म्हणत.

त्यांची पद्धत साधी होती. मुलांना आगगाडीतून न्यायचे. एक स्थानक शून्य मानायचे. एका बाजूची स्थानके धन, दुसऱ्या बाजूची ऋण. प्रवासाचे चित्र काढायचे, आपल्या भाषेत त्याविषयी बोलायचे आणि शेवटी चिन्हे लिहायची. 'क्ष' मग परका राहत नाही.

समतेचा दुसराही मार्ग सॅन फ्रान्सिस्कोने करून पाहिला. २०१४ मध्ये तेथील सरकारी शाळांनी बीजगणित सर्वांसाठीच नववीत ढकलले. पालकांची नाराजी वाढली आणि २०२४ मध्ये ते आठवीत परत आणण्याचे ठरले. ऐपत असलेला पालक बाहेर शिकवणी लावू शकतो. गरिबाच्या मुलाला शाळेखेरीज दुसरा दरवाजा नसतो.

घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या माझ्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे दरवाजा उघडा आहे खरा; पण उंच उंबरठ्यापाशी अडलेल्या मुलाला हात कोण देणार? विषय सक्तीचा केला म्हणजे तो सर्वांचा झाला, असे नव्हे. तो समजेल असा शिकवला, तरच सर्वांचा होतो.